प्रमाणाची उदाहरणे आणि सममूल्य अपूर्णांक

(इयत्ता पाचवी ते सातवीच्या गणित-अध्यापनासंबंधी)

“दहा लिटर पाण्यात पंचवीस मिलिलिटर औषध घालावयाचे आहे, तर सोळा लिटरच्या पंपात किती घालावे?” हा प्रश्न शेतकऱ्याच्या घरातील मुलाला नवा नाही. पाठीवरचा पंप त्याने पाहिलेला असतो आणि औषधाच्या बाटलीचे मापाचे झाकणही हाताळलेले असते. तरीही वर्गात हा प्रश्न विचारला असता दोन प्रकारची उत्तरे येतात. एक मुलगा म्हणतो, “एकतीस.” पाणी सहाने वाढले, म्हणून त्याने औषधही सहाने वाढविले. दुसरा फळ्यावर येऊन आकडे मांडतो, तिरकस गुणाकार करतो आणि “चाळीस” असे बरोबर उत्तर देतो, परंतु “तिरकस का गुणिलेस?” असे विचारले की गप्प उभा राहतो.

पहिल्याचे उत्तर चुकले आणि दुसऱ्याचे बरोबर आले, एवढ्यावरून दुसऱ्याला प्रमाण समजले असे मानणे धाडसाचे होईल. आठ महिन्यांनी तिरकस रेघा कोणत्या आकड्यांवरून ओढावयाच्या हे तो विसरला, म्हणजे तोही पहिल्याच्याच पंक्तीस येऊन बसतो. रीत विसरली तरी वाट सापडावी, अशी शिकवण देणे हे शिक्षकाचे काम आहे. प्रमाणाच्या बाबतीत ती वाट सममूल्य अपूर्णांकांतून जाते. पाचवीत शिकविलेले सममूल्य अपूर्णांक आणि सहावीत येणारे गुणोत्तर-प्रमाण हे दोन निराळे पाठ नसून एकच पाठ दोन वर्षांत विभागलेला आहे, हे शिक्षकाच्या मनात स्पष्ट असले म्हणजे पुढील सर्व मांडणी सोपी होते.

१. मुलांची अडचण कोठे आहे?

लहान मुलाचा पहिला हिशेब बेरजेचा असतो. त्याच्याजवळ पाच गोट्या असतात, दोन मिळाल्या की सात होतात. वाढणे म्हणजे मिळविणे, ही समजूत दुसरी-तिसरीपर्यंत त्याच्या उपयोगी पडते. प्रमाणात मात्र वाढ मिळवून होत नाही, पटीने होते. दोन वस्तू बरोबरीने वाढत असता त्यांच्यातील फरक कायम राहत नाही. कायम राहते ते त्यांचे गुणोत्तर. मुलाच्या विचाराने बेरजेवरून गुणाकारावर येणे, हे या पाठाचे खरे उद्दिष्ट होय. हे संक्रमण नियम सांगून होत नाही. बेरजेची वाट चुकते हे मुलाला स्वतः पटावे लागते.

दुसरी अडचण अपूर्णांकाच्या अर्थाची आहे. भाकरीचे दोन भाग करून एक घेतला की १/२, एवढाच अर्थ मुलाला ठाऊक असतो. परंतु एक चमचा गूळ आणि दोन कप पाणी यांचे गुणोत्तर १/२ असे लिहिले, तर तेथे कशाचाही अर्धा भाग नसतो. अंशात एका जातीची राशी व छेदात दुसऱ्या जातीची राशी असे ते लेखन आहे. हा अर्थ वेगळा आहे, असे शिक्षकाने प्रथमच स्वच्छ शब्दांत सांगावे.

२. पूर्वज्ञान

या पाठापूर्वी मुलास दहापर्यंतचे पाढे, अंश व छेद यांची ओळख आणि अंश-छेदांस एकाच संख्येने गुणिले वा भागिले तरी अपूर्णांकाची किंमत बदलत नाही हा नियम माहीत असावा. हा नियम माहीत आहे की नुसता पाठ आहे, हे पाहण्यासाठी कागदाची एक पट्टी पुरते. पट्टीच्या चार समान घड्या घालून तीन भाग रंगवावेत. मग तीच पट्टी आडवी दुमडून आठ भाग करावेत. रंगविलेला भाग तेवढाच राहिला, पण त्याचे नाव ३/४ ऐवजी ६/८ झाले. नाव बदलले आणि किंमत तीच राहिली, एवढे मुलाच्या तोंडून आले म्हणजे पूर्वतयारी झाली.

येथे एका जुन्या साधनाची आठवण देणे योग्य होईल. पूर्वी मराठी शाळांतून पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी म्हणून घेण्याचा प्रघात होता. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. रुपयाचे सोळा आणे आणि शेर-पायलीची मापे असताना हे पाढे बाजारात रोजच्या उपयोगाचे होते. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली, पुढे ऑक्टोबर १९५८ पासून दशमान वजने सुरू झाली आणि हळूहळू हे पाढे शाळेतून गेले. बाजारातून ते शब्द मात्र गेले नाहीत. आजही भाजी पावशेराच्या जागी पाव किलो मिळते, पाऊण किलो मिळते, दीड किलो मिळते. ज्या मुलाला “अठ्ठावीस पाऊण एकवीस” म्हणता येते, त्याने ३/४ = २१/२८ हा सममूल्य अपूर्णांक न लिहिता तोंडानेच मांडलेला असतो. गावातील एखाद्या वृद्ध गृहस्थास हे पाढे येत असतील, तर त्यांस अर्धा तास शाळेत बोलवावे. मुले ऐकतील, आणि आजोबांचे गणित व पुस्तकातील गणित एकच आहे हेही त्यांस कळेल.

३. पाठाचा आरंभ : गुळाचे पाणी

साहित्य : बारीक केलेला थोडा गूळ, एक मोठा चमचा, चहाचा एक छोटा कप, तीन भांडी व पिण्याचे पाणी.

पहिल्या भांड्यात एक चमचा गूळ व दोन कप पाणी घालून ढवळावे. दोन-तीन मुलांना चव पाहावयास सांगावे. नंतर विचारावे, “तीन चमचे गूळ घातला, तर तितकेच गोड होण्यासाठी पाणी किती कप घालावे?” काही मुले “चार” म्हणतील, कारण गूळ दोन चमचे वाढला म्हणून पाणीही दोन कप वाढवावे असे त्यांस वाटते. काही “सहा” म्हणतील. शिक्षकाने कोणासही चूक वा बरोबर म्हणू नये. दुसऱ्या भांड्यात तीन चमचे गूळ व चार कप पाणी, आणि तिसऱ्यात तीन चमचे गूळ व सहा कप पाणी करावे. मग पुन्हा चव घेऊ द्यावी.

दुसरे पाणी पहिल्यापेक्षा स्पष्टपणे गोड लागते. तिसरे पहिल्यासारखेच लागते. निवाडा जिभेने केला, शिक्षकाने नव्हे. बेरजेची वाट चुकली हे मुलास येथे पटते, आणि जे असे पटले ते सहसा विसरत नाही.

यानंतर फळ्यावर पुढीलप्रमाणे लिहावे :

गूळ (चमचे) : १, २, ३, ४
पाणी (कप) : २, ४, ६, ८

आणि त्याखाली : १/२ = २/४ = ३/६ = ४/८

या लेखनाकडे दोन रीतींनी पाहण्यास मुलांना शिकवावे. पहिली रीत आडवी आहे. एका अपूर्णांकावरून दुसऱ्याकडे जाताना अंश जितक्या पटीने वाढला, तितक्याच पटीने छेद वाढला. दुसरी रीत उभी आहे. प्रत्येक अपूर्णांकात छेद अंशाच्या दुप्पट आहे. काही उदाहरणांत आडवी नजर लवकर उत्तर देते, काहींत उभी. दोन्ही नजरा असलेला मुलगा अडत नाही.

एक सावधगिरी मात्र ठेवावी. पहिले व तिसरे भांडे एकत्र ओतले, तर चार चमचे गूळ व आठ कप पाणी होते आणि गोडी तीच राहते. यावरून एखादा चौकस मुलगा १/२ + ३/६ = ४/८ असे लिहील. त्याला रागावू नये. हे मिश्रणाचे गुणोत्तर झाले, अपूर्णांकांची बेरीज नव्हे, असे सांगून अर्ध्या भाकरीत आणखी अर्धी भाकरी मिळविली तर पूर्ण भाकरी होते, हे त्यास पट्टीवर दाखवावे.

४. मुख्य पाठ : तीन पायऱ्या

पहिली पायरी : सरळ पट

उदाहरण. ३ वह्यांची किंमत ७० रुपये, तर १२ वह्यांची किती?

मांडणी : ७०/३ = □/१२. छेद तीनाचा बारा झाला, म्हणजे चौपट. म्हणून अंशही चौपट : २८०. उत्तर २८० रुपये.

रिकाम्या जागी प्रथम चौकोन लिहावा. अक्षर लिहिण्याची घाई करू नये. वरच्या ओळीत रुपये आणि खालच्या ओळीत वह्या, हे दोन्ही अपूर्णांकांत सारखेच राहिले पाहिजे. एकीकडे रुपये वर व दुसरीकडे वह्या वर अशी मांडणी झाली की सर्व उदाहरण बिघडते. म्हणून आकड्यांपूर्वी “रुपये / वह्या” असे जातीचे नाव लिहिण्याची सवय लावावी. पुष्कळशा चुका या एकाच सवयीने टळतात.

दुसरी पायरी : आधी लहान करावे, मग मोठे

आता औषधाच्या उदाहरणाकडे वळावे. औषध / पाणी : २५/१० = □/१६.

दहाचे सोळा होण्यास पूर्ण पट नाही. येथे मूल अडते आणि बेरजेकडे वळते. या ठिकाणी त्यास सांगावे की, पुढे जाता येत नसेल तर आधी मागे यावे. २५/१० चे अतिसंक्षिप्त रूप ५/२. दोनाचे सोळा होतात आठ पटीने. म्हणून ५/२ = ४०/१६. उत्तर ४० मिलिलिटर.

दोन लिटरला पाच मिलिलिटर, ही गोष्ट आता मुलाच्या हाती आली. पंप बारा लिटरचा असो की वीस लिटरचा, त्याचे उत्तर तयार आहे. ज्याने एकतीस उत्तर काढले होते त्याने चाळीसाच्या जागी एकतीस मिलिलिटर औषध घातले असते. कीड मेली नसती आणि पैसे वाया गेले असते. उलट, जास्त पडले तर पीक आणि फवारणारा माणूस या दोघांसही अपाय. गणिताच्या उत्तराला शेतात असा परिणाम असतो, हे येथे सांगण्यासारखे आहे.

जमिनीचे माप याच पायरीसाठी उत्तम आहे. एक एकर म्हणजे ४० गुंठे. एकरी ३० किलो सोयाबीनचे बियाणे पेरावयाचे असेल, तर २८ गुंठ्यांस किती? बियाणे / गुंठे : ३०/४० = ३/४ = २१/२८. उत्तर २१ किलो. येथे गुंठ्याला पाऊण किलो असे निघाले. म्हणजे पाऊणकी येणाऱ्या मुलास कागद लागलाच नाही.

तिसरी पायरी : समच्छेद

काही उदाहरणांत लहान करूनही मार्ग निघत नाही. ३ किलोस १०० रुपये, तर ७ किलोस किती? १००/३ हा अपूर्णांक आणखी लहान होत नाही, आणि तीनाचे सात पूर्ण पटीने होत नाहीत. अशा वेळी दोन्ही अपूर्णांक एकाच छेदावर आणावेत. तीन व सात यांचा सामाईक छेद एकवीस.

१००/३ = ७००/२१
□/७ = (३ × □)/२१

छेद सारखे झाले, आता अंशही सारखे असले पाहिजेत. म्हणून ३ × □ = ७००, आणि □ = २३३ १/३. म्हणजे सुमारे २३३ रुपये ३३ पैसे.

शिक्षकांनी येथे क्षणभर थांबावे. ७०० म्हणजे १०० गुणिले ७, आणि दुसऱ्या बाजूस ३ गुणिले चौकोन. हाच तो तिरकस गुणाकार. तो आकाशातून पडलेला नाही. तो समच्छेद करण्याचा संक्षेप आहे. हे एकदा दाखविल्यावर तिरकस गुणाकार खुशाल वापरू द्यावा. मूल रीत विसरले तरी समच्छेदाच्या वाटेने ते पुन्हा तेथे पोहोचेल. एकमान पद्धतीचाही संबंध येथेच दाखवावा : छेद एक होईपर्यंत अपूर्णांक लहान केला, तर मिळते ती एका नगाची किंमत. तीन निरनिराळ्या रीती शिकविल्या असे मुलास वाटू नये. रीत एकच आहे, थांबण्याची ठिकाणे निराळी आहेत.

५. त्रैराशिकाची परंपरा

हा विषय या देशात नवा नाही. आर्यभटाने इ.स. ४९९ च्या आपल्या ग्रंथात त्रैराशिकाचा नियम दिला आहे. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ (इ.स. १११४) मधील. त्यांनी वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, इ.स. ११५० मध्ये, लीलावती हा भाग ज्यात आहे तो सिद्धान्तशिरोमणी रचला. चाळीसगावजवळील पाटण येथे त्यांचे नातू चांगदेव यांनी भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिल्याचा शिलालेख आहे. म्हणजे त्रैराशिकाचे अध्यापन याच मराठी मुलखात आठशे वर्षांपूर्वी रीतसर चालू होते.

त्रैराशिकात तीन राशी दिलेल्या असतात : प्रमाण, फल आणि इच्छा. प्रमाण व इच्छा एका जातीच्या, फल निराळ्या जातीचे. फलास इच्छेने गुणून प्रमाणाने भागिले की इच्छाफल मिळते. लीलावतीत याचे एक उदाहरण केशराचे आहे. ३/७ निष्कास अडीच पल केशर मिळते, तर ९ निष्कांस किती? आकडे अवघड दिसतात, पण आडव्या नजरेने पाहावे. ३/७ ची एकवीस पट म्हणजे ९. म्हणून अडीच पलांचीही एकवीस पट, म्हणजे साडेबावन्न पल. अडीचकी येणाऱ्या विद्यार्थ्याचे हे तोंडी गणित आहे. पुढे हाच नियम अरबांच्या द्वारा पश्चिमेस गेला, आणि व्यापारातील त्याच्या उपयोगामुळे युरोपात त्यास सोनेरी नियम असे नाव पडले.

हा इतिहास मुलांस थोडक्यात सांगावा. नियमाला माणसे आणि गावे असतात हे कळले की मुलांस तो आपला वाटतो.

६. सर्वच ठिकाणी प्रमाण नसते

प्रमाण शिकलेले मूल पुढे सर्वच प्रश्नांत ते लावू लागते. म्हणून पाठाच्या शेवटी पुढील प्रश्न अवश्य विचारावेत.

वीस पापड उन्हात वाळण्यास एक दिवस लागतो, तर चाळीस पापड वाळण्यास किती? पापड शेजारी शेजारी पसरले, तर एकच दिवस. येथे प्रमाण नाही.

मुलगा पाच वर्षांचा असताना बाप तीस वर्षांचा होता; मुलगा दहाचा होईल तेव्हा बाप साठाचा होईल काय? नाही, पस्तीसाचा. येथे बेरजेचीच वाट खरी आहे.

चार मजुरांना एक काम सहा दिवस पुरते, तर आठ मजुरांना? बारा दिवस म्हणणारा मुलगा रीत बरोबर चालवितो, पण विचार करीत नाही. माणसे वाढली की दिवस कमी होतात, उत्तर तीन. हे व्यस्त प्रमाण. भास्कराचार्यांनीही व्यस्त त्रैराशिक वेगळे सांगितले असून त्यात जनावरांच्या वयाचे उदाहरण घेतले आहे. दोन वर्षे ओढकाम केलेल्या बैलाची किंमत चार निष्क, तर सहा वर्षे काम केलेल्याची किती? बैल थकत जातो तशी किंमत उतरते. वर्षे तिप्पट, म्हणून किंमत एक तृतीयांश, म्हणजे १ १/३ निष्क. जनावरांचा बाजार पाहिलेल्या मुलाला हे उदाहरण समजावून द्यावे लागत नाही.

थोडक्यात, आकडे मांडण्यापूर्वी प्रत्येक वेळी एक प्रश्न मुलाने स्वतःस विचारावा : एक दुप्पट झाले तर दुसरे दुप्पट होते काय? “होय” असेल तर सममूल्य अपूर्णांक मांडावेत. “नाही” असेल तर थांबून विचार करावा.

७. शाळेतील आणि गावातील उपयोजन

शाळेच्या स्वयंपाकघरापासून आरंभ करणे सोपे. पोषण आहार योजनेच्या मानकांप्रमाणे पहिली ते पाचवीच्या विद्यार्थ्यास १०० ग्रॅम तांदूळ व २० ग्रॅम डाळ, आणि सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यास १५० ग्रॅम तांदूळ व ३० ग्रॅम डाळ धरलेली आहे. मुलांना विचारावे, मोठ्यांचा वाटा वेगळा आहे, मग त्यांच्या खिचडीत डाळ जास्त आहे काय? डाळ / तांदूळ : २०/१०० = १/५ आणि ३०/१५० = १/५. वाटा दीडपट आहे, खिचडी तीच आहे. त्याच दिवशीच्या हजेरीवरून किती तांदूळ व किती डाळ लागेल, हे सहावीच्या मुलांनी काढावे आणि चौथी-पाचवीच्या मुलांनी तागडीवर पडताळावे. एक वा दोन शिक्षकांच्या शाळेत अशा रीतीने एकाच उदाहरणावर दोन-तीन इयत्ता बसविता येतात.

आता या जिल्ह्यापुरता विशेष विचार करावयास हवा. दसरा-दिवाळीनंतर बीड जिल्ह्यातील पुष्कळ कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. हंगामी वसतिगृहांमुळे अनेक मुले गावी राहून शिकतात. तरी काही आईबापांबरोबर फडावर जातातच. वर्षाच्या मध्यावर शिकविले जाणारे पाठ या मुलांचे बुडतात. एकदा प्रमाण बुडाले की शेकडेवारी, व्याज, नफा-तोटा हे सारे बुडते. आणि नेमका या मुलाच्या घरचा सर्व व्यवहार प्रमाणाचाच आहे.

पुढील उदाहरण पाहावे. त्यातील आकडे केवळ हिशेबासाठी मानलेले आहेत. तोडणीचा दर टनास ४०० रुपये. नवरा-बायकोच्या एका कोयत्याने १,००,००० रुपये उचल घेतली आहे. ती फिटण्यास किती टन ऊस तोडावा लागेल? टन / रुपये : १/४०० = □/१,००,०००. चारशेची अडीचशे पट म्हणजे एक लाख. म्हणून २५० टन. दोघे मिळून दिवसास दोन टन तोडत असतील, तर दिवस किती? २/१ = २५०/१२५; सव्वाशे दिवस. हंगाम साधारण चार-पाच महिन्यांचा. म्हणजे एक दिवसही खाडा न करता चार महिने राबल्यावर केवळ उचल फिटते. हाती पडावयाचे ते त्यानंतर.

आणखी एक पाऊल पुढे जावे. प्रत्येक वीस टनांमागे एक टन नोंदीत कमी धरला गेला, तर अडीचशे टनांत किती कमी होईल? १/२० = □/२५०. विसाचे अडीचशे पूर्ण पटीने होत नाहीत, म्हणून आधी लहान करावे : १/२० म्हणजे दहास अर्धा, आणि दहाचे अडीचशे होतात पंचवीस पटीने. उत्तर साडेबारा टन. चारशेच्या दराने ५,००० रुपये. दिवसास दोन टन या हिशेबाने दोघा माणसांचे सव्वासहा दिवस. विसात एक हा आकडा ऐकताना लहान वाटतो. तो सव्वासहा दिवसांचा घाम आहे, हे सममूल्य अपूर्णांक मांडल्यावरच दिसते.

हे उदाहरण शिकविताना दोन पथ्ये पाळावीत. पहिले असे की, कोणत्याही विद्यार्थ्याच्या घरची उचल किती, हे वर्गात विचारू नये. मानलेल्या आकड्यांवर उदाहरण करावे. घरचे आकडे मूल घरी घालील. दुसरे असे की, या हिशेबाचा हेतू कोणावर संशय शिकविणे हा नाही. वजनाची पावती वाचता यावी, वहीतील नोंद पडताळता यावी आणि आईबापांना विचारल्यास बरोबर उत्तर देता यावे, एवढाच तो आहे. ज्या घरात लिहिता-वाचता येणारे ते मूलच एकटे असते, त्या घरी ही गोष्ट लहान नव्हे.

फडावर जाणाऱ्या मुलासाठी जाण्यापूर्वीच्या आठवड्यात हा पाठ मुद्दाम पुढे घ्यावा. खिशात मावेल अशी एक छोटी वही त्यास द्यावी. पहिल्या पानावर “टन / रुपये” अशी दोन ओळींची रिकामी सारणी असावी आणि त्याखाली तीन वाक्ये असावीत : जातीखाली जात लिहा. आधी लहान करा, मग मोठे करा. दुप्पट झाले तर दुप्पट होते का, हे विचारा. तेथील शाळेत ते मूल बसले तर वही पुढे चालू राहील. न बसले तरी रिकामी राहणार नाही. एप्रिलमध्ये मूल परत आल्यावर प्रथम ती वही पाहावी. तिच्यातील चुकांवरून कोठून आरंभ करावा हे शिक्षकास कळेल. परत आलेल्या मुलास मागच्या बाकावर बसवून “तुझे सारे राहिले” असे म्हणण्यापेक्षा, “तू काय काय मोजलेस?” असे विचारणे अधिक फलदायी होय.

८. स्वाध्याय

पुढील उदाहरणे सममूल्य अपूर्णांक मांडून सोडवून घ्यावीत. प्रत्येक उदाहरणाआधी ते प्रमाणाचे आहे की नाही, हे मुलांकडून वदवून घ्यावे.

(१) बालाघाटच्या डोंगरातील सीताफळे प्रसिद्ध आहेत. १२ सीताफळांस ८० रुपये पडले, तर ९ सीताफळांस किती?
(२) १०० किलो कापसापासून ३४ किलो रुई निघते असे मानल्यास, २५० किलो कापसापासून किती निघेल?
(३) नकाशात २ सेंटिमीटर म्हणजे १५ किलोमीटर, तर ७ सेंटिमीटर म्हणजे किती किलोमीटर?
(४) १५ लिटर पाण्यास ३० ग्रॅम पावडर, तर २०० लिटरच्या टाकीस किती?
(५) एका विहिरीवर ३ मोटारी लावल्या तर पाणी ८ तासांत उपसते. तशाच ४ मोटारी लावल्या तर किती तासांत उपसेल?
(६) एक मुलगी दोरीवरच्या २० उड्या मारते तेव्हा तिचे वय ११ वर्षे आहे. ४० उड्या मारील तेव्हा तिचे वय किती?

उत्तरे : (१) ६० रुपये. (२) ८५ किलो. (३) साडेबावन्न किलोमीटर. (४) ४०० ग्रॅम. (५) व्यस्त प्रमाण, ६ तास. (६) प्रमाणाचा संबंध नाही. वय ११ वर्षेच. सहाव्या प्रश्नावर वर्ग हसला म्हणजे पाठ समजला असे समजण्यास हरकत नाही. ज्याने बावीस लिहिले, त्याच्याकडे मात्र दुसऱ्या दिवशी पुन्हा गुळाचे पाणी घेऊन जावे.

९. समारोप

मूल्यमापन करताना केवळ उत्तर पाहू नये. बरोबर उत्तर आलेल्या दोन मुलांस “कसे काढलेस?” असे विचारावे आणि चुकलेल्या दोघांसही तेच विचारावे. ज्याला आपली वाट सांगता येते त्याला गुण द्यावेत, मग गुणाकारात एखादी चूक असली तरी चालेल. गुणाकाराची चूक पाढ्यांनी सुधारते. विचाराची चूक तशीच राहिली तर सातवीतून आठवीत जाते, आणि पुढे बाजारात व फडावर जाते.

या पाठास लागणारे साहित्य मूठभर गूळ, एक कप आणि कागदाची एक पट्टी एवढेच आहे. वेळ चार-पाच तासिकांचा आहे. तो मुलांच्या स्थलांतरापूर्वीच द्यावा. ज्या गावातून गाड्या लवकर निघतात, त्या गावच्या शाळेने पाठ्यपुस्तकातील क्रमाची वाट न पाहता हे प्रकरण सत्राच्या आरंभी घ्यावे.